चौऱ्याण्णव

घाट बंद आहे.
फाटकावरचा लाल दिवा सकाळपासून तसाच,
बर्फ ढकलणारी गाडी स्वतःच बर्फात रुतलेली,
हेलिकॉप्टर किर्केनेसला जमिनीला खिळून.
आणि बोट्सफ्योरच्या वरच्या आळीत,
पिवळ्या घराच्या स्वयंपाकघरात
हिल्मार खुर्चीत असा बसलाय
जणू कुणी त्याच्या छातीवर
माशांसकट ओलं जाळं टाकून निघून गेलंय.

मी तारा चिकटवते.
डाव्या बाजूचे केस आधी भादरावे लागतात.
कागद सरकत येतो.
रेघ जिथं उतरायला हवी तिथं उतरत नाही,
डोंगराच्या खांद्यासारखी वरच अडून राहते.
ट्रोम्सोच्या डॉक्टरला तीच रेघ त्याच मिनिटाला दिसते.
"तुलाही दिसतंय ना," एवढंच तो म्हणतो.

नळी घालून शीर मोकळी करणारे हात ट्रोम्सोत.
मध्ये घाट, आणि वारा.
माझ्या पेटीत एक कुपी.
पांढरी भुकटी. पाण्यात कालवायची, पण हिसळायची नाही, फेस येतो.
पेल्याच्या तळची साखर चमचा न वाजवता विरघळवावी
तशी गोल गोल.
गुठळी विरघळवते ती.
कुठली, ते मात्र तिला कळत नाही.
हृदयातली वाट अडवून बसलेली,
की डोक्यातली, एखादी जखम बुजवून धरणारी.
म्हणून आधी प्रश्न.

पाठ आहेत मला.
तरी कागदावर बोट ठेवून वाचते.
एकदा ठेवलं नव्हतं.

डोक्याला मार?
नाही.
पक्षाघात, कधीही?
नाही.
एवढ्यात कुठली शस्त्रक्रिया?
"दाढ काढली. चालेल?"
चालेल.
शौचाला काळं? रक्त पातळ करायच्या गोळ्या?
नाही. नाही.
वजन?
"अठ्ठ्याऐंशी."

दाराशी ओदब्योर्ग,
मघापासून त्याचा एकच बूट हातात धरून उभी,
पहिल्यांदा बोलते.
"चौऱ्याण्णव."
तो मान वळवतो.
"चौऱ्याण्णव, हिल्मार. नाताळापासून."

एकतीस वर्षांत बरेच वाद हरला असेल तो तिच्याशी,
पण असा नसेल:
चेहरा राखेच्या रंगाचा, घामानं डबडबलेला,
आणि तरी लाजलेला.

नव्वदच्या अलीकडे नऊ मिली. पलीकडे दहा.
मी दहा भरते.
ढकलायला दहा सेकंद.
मग काहीच होत नाही.
घड्याळ. वारा. फ्रीज घरघरतो, थांबतो.
ऐलो त्याच्या हाताखाली उशी सरकवतो.
आम्ही त्याला जमिनीवर घेतो, टेबल ढकलून,
ओदब्योर्ग न सांगता दिवे लावते, सगळे.

सतराव्या मिनिटाला रेघ बिथरते.
ठोका नाही, नुसती थरथर.
अडलेलं पाणी सुटलं की आधी गढूळ येतं,
हे मला माहीत आहे,
त्या क्षणी माहीत असून काही उपयोग नाही.
"बाजूला व्हा," ऐलो म्हणतो. तिलाही म्हणतो.
एक झटका.
अॅड्रेनलीनच्या सिरिंजचं टोपण माझ्या दातात.
लागली नाही ती.

"लाथ कुणी मारली?" हिल्मार विचारतो.

कुणी हसत नाही.
मग ओदब्योर्ग हसते आणि हसतच राहते,
थांबता येत नाही तिला,
बूट पोटाशी घट्ट.

आता रात्रीचे दोन. दुसरी गाडी आली, पुढे तिचा पिवळा दिवा,
मागे आम्ही, माणसाच्या चालीनं.
रेघ उतरली आहे. धोका उतरलेला नाही.
कुपीतलं औषध अजून त्याच्या डोक्यातून फिरतंय,
दार शोधत असेल, नसेलही.
दर पंधरा मिनिटांनी मी त्याला उठवते.
नाव सांग. दोन्ही हात वर. दात दाखव बरं.
दाखवतो, एका बाजूला दाढेची खाच.
वार?
"गुरुवार. नाही, शुक्रवार लागला."
वजन किती, हिल्मार?

तो डोळे मिटतो.
गाडी एका खड्ड्यावरून जाते, बाटल्या किणकिणतात.
"अठ्ठ्याऐंशी."

मी लिहिते: दोन वाजून दहा.
बोलणं स्पष्ट.